दूध संघाला ॲप पाहिजे, शेतकऱ्याला पावती. प्रोजेक्टमध्ये ऐकायचं कुणाचं?

अर्धवट_डिझायनर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी पुण्यात एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे (नाव नको, सर पण इथे वाचत असतील). या सेमला ह्युमन कॉम्प्युटर इंटरॅक्शन (एचसीआय, म्हणजे माणूस यंत्र कसं वापरतो ते बघून डिझाइन करायचा विषय) घेतलंय. लेखी परीक्षा नावापुरती, खरं वजन टीम प्रोजेक्टला, आणि तो पण खऱ्या क्लायंटसाठी करायचा, क्लायंट आपणच शोधून आणायचा. आम्ही चौघं आहोत. एकाच्या मामांच्या ओळखीने सांगली जिल्ह्यातला एक छोटा दूध संघ मिळाला. चेअरमन भला माणूस, पहिल्याच भेटीत पोटभर पोहे खायला घातले आणि सांगून टाकलं की शेतकऱ्यासाठी ॲप पाहिजे. त्यात दुधाची रोजची फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, दहा दिवसाचं बिल, गेल्या वर्षीशी तुलना करणारा ग्राफ, पशुखाद्याची ऑर्डर, हवामान, आणि सणावाराला चेअरमनचा फोटो असलेल्या शुभेच्छा. आम्ही वहीत सगळं लिहून घेतलं आणि बाहेर येऊन एकमेकांकडे बघून हसलो की एवढं तर दोन आठवड्यात फिग्मात (स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) होतं.

मग सर म्हणाले आधी जाऊन बघा. म्हणून दोन दिवस गावात राहिलो, पहाटे साडेपाचला संकलन केंद्रावर. तिथे जे बघितलं त्याने सगळी गडबड झाली.

लाइन लागते, बाई किंवा माणूस किटली घेऊन येतो, सभासद नंबर सांगतो, ऑपरेटर दूध काट्यावर ओततो, थोडं सॅम्पल मशीनमध्ये जातं, आकडे येतात, पावती निघते, पुढचा. एका माणसाला मिनिटभर पण लागत नाही. पहिली गोष्ट म्हणजे त्या मशीनची स्क्रीन ऑपरेटरकडे तोंड करून. दूध घालणाऱ्याला काही दिसत नाही, म्हणून प्रत्येक जण टेबलावर वाकून मान वाकडी करून बघायचा प्रयत्न करतो. आम्ही पहिल्या दिवशी मोजलं, ४० जणांतले ३१ वाकले. दुसरी म्हणजे दूध घालायला येतात त्यात निम्म्याहून जास्त बायका, पण सभासदत्व नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर, मोबाईल नंबर पण त्यांचाच, आणि तो मोबाईल सकाळी नवऱ्याबरोबर एमआयडीसीत गेलेला असतो. म्हणजे ॲप ज्याच्या फोनवर जाणार तो माणूस आणि किटली घेऊन येणारी बाई वेगवेगळे. एक काकी म्हणाल्या, "फॅट किती लागली तेवढं कळू दे बाबा, बाकी ग्राफ्-बिफ् तुमच्याजवळच ठेवा."

तिसरी गोष्ट सगळ्यात भारी. पावती थर्मल कागदाची. लोक ती तारेला टोचून गोठ्यात नाहीतर खिडकीत ठेवतात, उन्हाने ती फिकट होते, आणि दहा दिवसांनी बिल हातात पडेपर्यंत पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पावत्या कोऱ्या झालेल्या असतात. मग ताळा कशाशी लावायचा? त्यातून "डेअरीवाला फॅट मारतो" म्हणजे कमी दाखवतो, हे सुरूच. खरं मारतो का नाही देव जाणे, पण कळायला मार्ग नाही हा मूळ मुद्दा आहे असं आम्हाला वाटतं.

तर आम्ही सुचवलं की ॲप राहू द्या, एक डिस्प्ले शेतकऱ्याच्या बाजूला मोठ्या आकड्यात लावा, पावतीवर फॅट मोठी छापा आणि खाली "या बिलात आजपर्यंत" म्हणून चालू बेरीज छापा, म्हणजे शेवटची पावती जपली तरी पुरे. चेअरमन दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "पावती तर आत्ता पण निघते, मग तुम्ही केलं काय?" आणि टीममधली एक मैत्रीण म्हणाली, मी पोर्टफोलिओत पावती टाकू का आता? तिचंही चुकलं नाही, प्लेसमेंट तोंडावर आलीये.

चार आठवडे राहिलेत. क्लायंटला पाहिजे ते करायचं का युजरला लागतं ते? आणि एक उपप्रश्न. आम्ही पावतीचा नमुना आणि ॲपचा नमुना दोन्ही सहा शेतकऱ्यांना दाखवले आणि एसयूएस प्रश्नावली (सिस्टीम युजेबिलिटी स्केल, वापरायला किती सोपं ते १०० पैकी गुणांत मोजणारी) भरून घेतली, ॲपला ९१ आले! म्हणजे आमचंच निरीक्षण चुकलं का?

मोबाईलवरून टाइप केलंय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.


गप्पिष्ट_गोपाळ

ॲप करा, मार्क घ्या, सुटा. १४ आठवड्यात कुणी खेड्याचा उद्धार करत नाही. आमच्या वेळी आम्ही एका हॉस्पिटलसाठी केलं होतं, आजतागायत ते कुणी उघडलं नसेल, मला नोकरी मात्र लागली.


तीन_नद्यांची_मुलगी

गोपाळराव, लागली असेल हो नोकरी, पण धागाकर्त्याने जे लिहिलंय ते वाचून मला माझेच दिवस आठवले, म्हणून लॉगिन करून लिहितेय.

मी अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठात एचसीआयमध्ये मास्टर्स केलं. तिथे १९९४ पासून एचसीआयची वेगळी इन्स्टिट्यूटच आहे, आणि मास्टर्सचा कणा म्हणजे कॅपस्टोन, म्हणजे शेवटचा मोठा प्रोजेक्ट. जानेवारीत सुरू होतो तो ऑगस्टला संपतो. पहिले काही महिने नुसतं रिसर्च, उन्हाळ्यात डिझाइन, प्रोटोटाइप, टेस्टिंग. क्लायंट बाहेरचा असतो आणि तो फुकटात नसतो, पैसे भरतो, त्यामुळे त्यांचा माणूस दर आठवड्याला कॉलवर असतोच. तुमच्या चेअरमननी पोहे भरलेत म्हणा, पण ते आठवड्याला कॉलवर येतात का?

कारण माझ्या मते तुमची चूक इथे झाली. निष्कर्ष बरोबर आहे, सांगण्याची पद्धत चुकली. तुम्ही दोन दिवस पहाटे थंडीत उभे राहिलात, ३१ माना मोजल्या, काकींचं ऐकलं, मग तुमचं मत बदललं. चेअरमन या काळात कुठे होते? ऑफिसात. आणि तुम्ही त्यांना एकदम शेवटचं उत्तर दिलंत. त्यांच्या बाजूने बघा ना, ॲप मागितलं आणि पोरं म्हणतायत पावतीचा फाँट मोठा करा. कुणालाही वाटेल कंटाळा केला.

आम्हाला शिकवलेली पद्धत होती कॉन्टेक्स्च्युअल डिझाइन, बायर आणि होल्ट्झब्लॅट यांची. माणसाच्या कामाच्या जागी जायचं, तो काम करत असताना शेजारी बसून विचारायचं, तो गुरू आपण उमेदवार. मग प्रत्येक निरीक्षण एकेका पिवळ्या चिकटचिठ्ठीवर, त्यांचे गट करून वर निळी, निळ्यांच्या वर गुलाबी, आणि अशी अख्खी भिंत भरते. यातली महत्त्वाची खोच म्हणजे वरच्या चिठ्ठ्या युजरच्या तोंडची वाक्यं असल्यासारख्या लिहायच्या. "पावतीची उपयुक्तता" असलं नाही लिहायचं, "बिल येतं तेव्हा माझ्या पावत्या कोऱ्या झालेल्या असतात" असं लिहायचं. आणि मग क्लायंटला बोलवून भिंतीसमोर उभं करायचं आणि आपण गप्प बसायचं. आमच्या क्लायंटची बाई (एका इन्शुरन्स कंपनीची, नाव सांगत नाही) पहिल्या दोन महिन्यात फक्त "डॅशबोर्ड, डॅशबोर्ड" (सगळे आकडे, ग्राफ एकाच स्क्रीनवर) करत होती. भिंतीसमोर पाऊण तास उभी राहिली, स्वतः तीन चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या, आणि त्यानंतर डॅशबोर्ड हा शब्द आमच्यापेक्षा तिलाच नको झाला. मग जूनमध्ये तिची बदली झाली आणि नव्या माणसाने पहिल्याच मीटिंगला विचारलं, डॅशबोर्ड कुठाय :) पुन्हा पहिल्यापासून.

तर चार आठवडे भरपूर आहेत. चेअरमनना पहाटे केंद्रावर घेऊन जा. सांगू काही नका. किटली द्या हातात आणि लाइनीत उभं करा. आधी परवानगी काढून पाच-सहा माना वाकतानाचे छोटे व्हिडिओ पण काढून ठेवा, चेहरे न दिसतील असे.

मैत्रिणीला सांगा पावती टाकच पोर्टफोलिओत. मी आता टीमसाठी मुलाखती घेते, एकसारखी चकचकीत फूड ॲपं बघून डोळे शिणलेत, उन्हाने पांढरी पडलेली पावती कुणी दाखवली तर मी खुर्चीत सरळ होऊन बसेन.


केंद्रचालक_पश्चिम

मी संकलन केंद्र चालवतो, अकरा वर्षं झाली. (तुमच्या संघाचं नाही, आमचा जिल्हा वेगळा.) वाचून बरं वाटलं पण राग पण आला.

तुम्ही चेअरमनना विचारलं, शेतकऱ्याला विचारलं, ऑपरेटरला विचारलं का? सगळ्या पोस्टमध्ये त्याचं काम काय तर दूध ओततो आणि पुढचा. अरे बाबांनो तोच दिवसातून दोनदा ते मशीन वापरतो, शेतकरी वापरतच नाही. सकाळी दीड-दोन तासात सव्वाशे माणूस, हात ओले, थंडीत बोटं आखडलेली, प्रत्येकाचा नंबर टाइप करायचा, आणि २१६ च्या जागी २६१ दाबलं गेलं की दुसऱ्याच्या नावावर दूध चढलं आणि संध्याकाळी दारात भांडण. टचस्क्रीन द्यायचा विचार असेल तर आत्ताच सोडा, ओल्या हाताला ती ऐकत नाही, जाड बटणाचा कीपॅडच बरा.

डिस्प्लेचं सांगतो. शेतकऱ्याच्या बाजूला लावायचा वेगळा डिस्प्ले मिळतो बाजारात, नवीन काही नाही, मोठ्या संघांकडे असतो. आमच्याकडे पण आहे. लावल्यावर पहिला आठवडा डोक्याला ताप झाला, कारण फॅट दिसली की माणूस तिथेच थांबून विचारतो की काल ४.१ होती आज ३.८ कशी, आणि मागे लाइन. मग मी डिस्प्ले टेबलावरून काढून बाजूच्या खांबावर लावला, बाहेर जायच्या वाटेवर. आता माणूस पावती घेऊन दोन पावलं पुढे जातो आणि तिथे उभा राहून बघतो, लाइन चालू राहते. भांडण पण कमी झालं कारण सगळ्यांदेखत आकडा दिसतो.

पावतीची चालू बेरीज हे मात्र आवडलं, मनापासून. त्यात एक भर टाका, पशुखाद्य आणि उचल किती कापली जाणार तेही छापा. बिलाच्या दिवशी निम्मी भांडणं फॅटवरून नसतात, पेंडेच्या पोत्यावरून असतात. दूध भरपूर घातलं तरी हातात कमी आले की माणूस म्हणतो फॅट मारली.

आणि चेअरमनना ॲप का पाहिजे ते कळलं नाही का अजून? शेजारच्या संघाने काढलं असणार. आणि निवडणूक कधी आहे ते बघा.


अर्धवट_डिझायनर

@केंद्रचालक दादा, लाज वाटली वाचून. खरंच ऑपरेटरला आम्ही "सिस्टीमचा भाग" धरलं होतं. खांबाचं ऐकून तर आम्ही चौघं गप्पच झालो, हे आम्हाला हॉस्टेलच्या खोलीत बसून जन्मात सुचलं नसतं. निवडणूक पुढच्या वर्षी आहे, विचारलं.

@तीन नद्या ताई, कॉल दोनदाच झाला आत्तापर्यंत. मान्य. ९१ चं कुणीच बोललं नाही पण.


खडू_आणि_फळा

मी बोलतो. असले कोर्स गेली काही वर्षं शिकवतो आणि तपासतो पण, त्यामुळे थोडं रागावून बोलेन.

९१ चं काहीही मनावर घेऊ नकोस. एसयूएस जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये केली, दहा वाक्यं, पाच पर्याय, मोजायला सोपी म्हणून सगळे वापरतात. विषम नंबरच्या वाक्यांच्या उत्तरातून १ वजा, सम नंबरचं उत्तर ५ मधून वजा, बेरीज गुणिले २.५. पहिला घोळ म्हणजे पोरं त्याला टक्के समजतात. ते टक्के नाहीत, सरासरी ६८ च्या आसपास धरतात. दुसरा घोळ म्हणजे एकाआड एक वाक्य उलटं आहे, "ही सिस्टीम मला उगाच किचकट वाटली" याला "अजिबात नाही" म्हटलं की गुण वाढतात. आता साठीतल्या माणसाला पहाटे सहाला तू हे वाक्य वाचून दाखवणार, आणि तो काय सांगणार? "चांगलं हाय की." तुम्ही त्याला पूर्ण गुण लावणार. तिसरा घोळ म्हणजे सहा माणसं. पाच-सहा माणसांत चुका सापडतात, युजेबिलिटीवाल्या जेकब निल्सनने म्हटलंय तेही चुका सापडण्याबद्दलच आहे, साधारण ८५ टक्के, आणि त्यात प्रत्येक चूक एका माणसाला दिसण्याची शक्यता ३१ टक्के धरलेली आहे. त्यावरून आकड्यांची तुलना करत नाहीत.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही शहरातून आलेली शिकलेली पोरं, चेअरमनच्या ओळखीने आलेली, हातात चकचकीत मोबाईल. तुमच्या तोंडावर कोण वाईट म्हणेल? बंगळुरूत २०१२ मध्ये यावरच अभ्यास झाला, ४५० मुलाखती. दोन गोष्टी दाखवायच्या आणि त्यातली एक मुलाखत घेणाऱ्याने स्वतः बनवलीये असं लोकांना वाटेल असं करायचं. ती त्यांनी साधारण अडीच पट जास्त वेळा पसंत केली. मुलाखत घेणारा परदेशी आणि सोबत दुभाष्या असला तर पाच पट. तुम्ही परदेशी नसलात तरी सदाशिव पेठ आणि तो गोठा यात अंतर कमी नाहीये.

मग काय करायचं. "आवडलं का" विचारणं बंद. काम द्या. "परवा सकाळची फॅट किती होती ते यात बघून सांगा" म्हणा आणि तोंड बंद ठेवून घड्याळ लावा. एकदा ॲपवर, एकदा पावतीवर, निम्म्यांना आधी ॲप निम्म्यांना आधी पावती. आणि दोन्ही "दुसऱ्या कॉलेजच्या पोरांनी केलंय, आम्ही फक्त तपासतोय" असं म्हणायचा मोह होईल, तसं खोटं मी कुणाला बोलू देत नाही, पण "आमच्यापैकी कुणाला वाईट वाटणार नाही, कुठे अडतंय ते शोधायला आलोय" एवढं तर म्हणता येतं. आणि ज्या काकींबद्दल लिहिलंस त्यांच्यासारख्या बायकांवर करा, त्यांच्या नवऱ्यांवर नको.

आता थोडं विषयांतर, पण तुम्ही ज्या भागात गेला होता तिथून हे फार लांब नाही म्हणून सांगतो. वारणानगरला १९९८ मध्ये सत्तरेक गावांत कॉम्प्युटर बसवून मोठा प्रकल्प झाला होता, शेतकऱ्याला गावात बसून जगाची माहिती मिळेल म्हणून. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या लोकांनी जाऊन बघितलं तर ते कॉम्प्युटर मुख्यतः वापरले जात होते कशाला? साखर कारखान्याच्या हिशेबाला. ऊस किती गेला, खत किती उचललं, किती कापलं. मग त्यांनी सात गावांत कॉम्प्युटरच्या जागी साधा फोन आणि एसएमएस लावून बघितला, तेवढ्यात ते काम भागलं. २००७ मध्ये त्यावर पेपर आला. म्हणजे "शेतकऱ्याला नक्की कोणता आकडा पाहिजे" हा प्रश्न तुमच्या आधी तिथेच विचारून झालाय, आणि उत्तर ग्राफ नव्हतं. हा पेपर चेअरमनला दाखव, वारणेचं नाव ऐकलं की ऐकतील, पुण्याच्या पोरांचं नाही ऐकणार.

मार्कांचं म्हणशील तर मी तरी तयार ॲपला मार्क देत नाही, का बदललं याची नोंद असेल त्याला देतो. तुझे सर काय करतात ते त्यांना आज विचार, शेवटच्या आठवड्यात नको.


वाचनालय_वाल्या_बाई

इथे सगळे शिकणारे आणि शिकवणारे बोलतायत म्हणून एक क्लायंट बोलते.

आमचं तालुक्याच्या गावचं सार्वजनिक वाचनालय आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका कॉलेजची पाच मुलं आली, फार गोड मुलं होती, पुस्तकं शोधायची वेबसाइट केली. आम्ही कौतुकाने समारंभ केला, नारळ दिले, पेपरात फोटो आला. मे महिन्यात मुलं पास होऊन गेली. पुढच्या वर्षी एक दिवस वेबसाइट बंद. डोमेन की काय ते एका मुलाच्या कार्डावर घेतलेलं होतं, तो मुलगा बंगळुरूला, त्याचं कार्ड संपलं. पासवर्ड दुसऱ्या मुलीकडे होता, ती लग्न होऊन गेली, नंबर बदलला. चार हजार पुस्तकांची नोंद आमच्या शिपायाने आणि मी सुट्टीच्या दिवशी येऊन बसून त्यात टाइप केली होती. सगळी गेली. नंतर आम्ही पुन्हा रजिस्टरवर आलो आणि आता कुणी विद्यार्थी आले की कमिटी आधी हात जोडते.

मुलांचा राग नाही, त्यांना कुणी सांगितलंच नसेल की तुम्ही गेल्यावर आम्ही इथेच असतो. बाळांनो, तुमच्या चेअरमनना विचारा की आम्ही गेल्यावर हे कोण बघणार. पावतीची कल्पना मला त्यासाठीच आवडली, ती चालवायला तुमच्यापैकी कुणी लागत नाही.


गप्पिष्ट_गोपाळ

बाई, हे वाचून आमच्या त्या हॉस्पिटलवाल्या प्रोजेक्टचा पासवर्ड कुणाकडे होता ते आठवायचा प्रयत्न करतोय. वरचा प्रतिसाद मागे घेतो.


तीन_नद्यांची_मुलगी

बाईंना +१. आमच्याकडे शेवटचे दोन आठवडे फक्त हस्तांतरासाठी राखून ठेवले होते, तरी आम्हाला ते कमी पडले.

अजून एक विचारायचं राहिलं, चौघांत सगळे काम करतायत ना? अशा प्रोजेक्टात क्लायंटपेक्षा टीममधलीच भांडणं जास्त होतात आणि त्याबद्दल कुणी धागा काढत नाही.


अर्धवट_डिझायनर

ताई तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत :) एक जण आहे जो मीटिंगला येतो आणि "मस्त मस्त" म्हणतो. जास्त लिहीत नाही. त्याला आम्ही ऑपरेटरबरोबर पूर्ण एक सकाळ बसायला पाठवतोय, नुसतं शेजारी बसून किती वेळा नंबर चुकतो ते मोजायला. बघू.


अर्धवट_डिझायनर

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, काल फायनल प्रेझेंटेशन झालं.

चेअरमनना घेऊन गेलो केंद्रावर. सहज नाही आले, दोनदा टाळलं, शेवटी मामांनी फोन केला. किटली दिली हातात, लाइनीत उभे राहिले, लोक हसायला लागले, "काय साहेब, म्हैस घेतली का?" त्यांचा नंबर आला, दूध ओतलं, आणि ते स्वतः वाकले! आम्ही कुणी काही बोललो नाही. पावती घेतली, चष्मा काढला, परत लावला, म्हणाले "यात फॅट कुठंय रे?" बारीक अक्षरात चौथ्या ओळीत होती. लाइनीतल्या काकी म्हणाल्या, "आता कळलं का." तेवढ्या एका सकाळीने आमच्या ४० स्लाइड उडाल्या.

तरी ॲप पूर्णपणे सुटलं नाही, हे पण खरं सांगतो. शेजारच्या संघाने काढलंय ही दादांची शंका शंभर टक्के बरोबर निघाली. मग असं ठरलं की पावती नवीन, डिस्प्ले एका केंद्रावर प्रयोग म्हणून खांबावर, बिलाच्या दिवशी कपातीसकट एसएमएस, आणि ॲप म्हणजे चेअरमन आणि सचिवांसाठी एकच स्क्रीन, कुठल्या केंद्रावर आज किती दूध आलं. मैत्रिणीला तिची स्क्रीन मिळाली, ती खूश. पण इंटरव्ह्यूला ती पावतीच घेऊन गेली, लॅमिनेट करून, एक कोरी पडलेली आणि एक नवीन.

खडू सरांनी सांगितलं तसं काम देऊन टेस्ट केली, अकरा बायका. परवाच्या सकाळची फॅट पावतीवरून अकराही जणींनी सांगितली. ॲपवरून चौघींनी, आणि त्यातल्या दोघींनी शेजारी बसलेल्या मुलाला विचारून. एसयूएस परत भरूनच घेतली नाही.

"मस्त मस्त" वाला एक सकाळ म्हणून गेला आणि तीन सकाळी बसला. ऑपरेटर नंबर टाकल्यावर नाव मोठ्याने वाचतो आणि समोरचा "हां" म्हणतो, हा त्यांचा चेक असतो, हे त्याने शोधलं. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये नाव लपवून फक्त नंबर मोठा दाखवणार होतो! वाचलो.

एक गोष्ट हरलो. पावतीच्या वर चेअरमनचा फोटो. खूप समजावलं की थर्मल प्रिंटरवर फोटो नीट येत नाही, जागा जाते, कागद जातो. नाही म्हणजे नाही. आता प्रत्येक पावतीवर वर एक काळा ठिपका येतो, काकी म्हणतात साहेबांची दृष्ट काढलीय.


वाचनालय_वाल्या_बाई

अभिनंदन मुलांनो. त्या एसएमएसच्या खात्याचा पासवर्ड कुणाकडे आहे?


अर्धवट_डिझायनर

...आज संध्याकाळी सचिवांना फोन करतो.